हरी नारायण आपटे

हरी नारायण आपटे (८ मार्च १८६४ – ३ मार्च १९१९) हे मराठी कादंबरीकार, कथाकार, संपादक व समाजकार्यकर्ते होते. मराठी वाचक त्यांना हरिभाऊ या नावाने ओळखतात. मराठीतील सामाजिक आणि ऐतिहासिक कादंबरीला स्थिर रूप त्यांनी दिले, म्हणून त्यांच्या लेखनकालास वाङ्मयेतिहासात बहुधा आपटे-युग असे म्हटले जाते. रहस्य राखून कथानक पुढे नेण्याची कला त्यांनी तरुणपणी इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांच्या वाचनातून उचलली आणि ती दोन अगदी वेगळ्या ठिकाणी वापरली : एकदा शिवकालीन गडकोटांत, आणि एकदा पुण्यातील ब्राह्मणी वाड्याच्या माजघरात. माजघरातील कथेत पाहणारी, ऐकणारी, उलगडा करणारी आणि शेवटी सांगणारी व्यक्ती म्हणजे वयात येणारी एक मुलगी आहे. मराठी कादंबरीत मुलीच्या नजरेला एवढा अधिकार त्यापूर्वी क्वचितच मिळाला होता.

हरी नारायण आपटे आणि नारायण हरी आपटे (१८८९–१९७१) हे दोन निराळे लेखक आहेत. नावांतील उलटापालटीमुळे विद्यार्थ्यांचा वारंवार घोटाळा होतो. प्रभातचा ‘कुंकू’ हा चित्रपट ज्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला आहे, ती नारायण हरींची.

बालपण आणि शिक्षण

हरिभाऊंचा जन्म खानदेशातील पारोळे या गावी झाला. हे गाव आज जळगाव जिल्ह्यात आहे. आई लहानपणीच वारल्यामुळे त्यांचे संगोपन एकत्र कुटुंबात झाले. काका महादेव चिमणाजी आपटे हे मुंबई उच्च न्यायालयातील नामांकित वकील होते. त्यांच्या आश्रयाने हरिभाऊंचे आरंभीचे शिक्षण मुंबईत झाले. १८७८ साली कुटुंब पुण्यास आले आणि पुणे हेच हरिभाऊंचे कायमचे गाव झाले. याच महादेवरावांनी १८८८ मध्ये संस्कृत ग्रंथांच्या जतनासाठी व प्रकाशनासाठी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. पुढे तिच्या व्यवस्थेचा भार हरिभाऊंनी आयुष्यभर वाहिला. महाराष्ट्राला आधुनिक कादंबरी देणारा लेखक संस्कृत पोथ्यांच्या सहवासात राहून लिहीत होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात सहसा ओझरती येते. तिच्याकडे अधिक लक्ष जायला हवे.

२ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. गोपाळ गणेश आगरकरही लवकरच तेथे आले. हरिभाऊ या शाळेच्या अगदी आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी एक होते. चिपळूणकरांच्या गद्याचा आणि आगरकरांच्या विचारांचा ठसा त्यांच्या मनावर एकाच वर्गात, एकाच वयात उमटला. त्या दोघांत मतभेदाची दरी किती खोल होती हे ध्यानात घेतले, म्हणजे हरिभाऊंच्या लेखनात परंपरेचा जिव्हाळा आणि सुधारणेची तळमळ शेजारी शेजारी का नांदतात याचा अंदाज येतो. मार्च १८८२ मध्ये चिपळूणकरांचे अकाली निधन झाले. त्या वेळी अठरा वर्षांच्या या विद्यार्थ्याने ‘शिष्यजनविलाप’ हे विलापकाव्य लिहिले. पुढे आगरकरांच्या ‘विकारविलसित’ या ‘हॅम्लेट’च्या रूपांतरावर त्यांनी सविस्तर टीकालेख लिहिला. गुरूच्या ग्रंथाची चिकित्सा करताना त्यांनी भीड बाळगली नाही, यावरून त्यांच्या वाचनाची तयारी दिसते.

१८८३ साली ते प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाले. नंतर डेक्कन कॉलेज व फर्ग्युसन कॉलेज येथे ते शिकले, परंतु गणिताने त्यांना दगा दिला आणि पदवी न घेताच महाविद्यालय सुटले. इंग्रजी व संस्कृत साहित्याचे वाचन मात्र अखंड चालू होते. शेक्सपिअर, मोल्येर, स्कॉट, कालिदास आणि भवभूती यांच्याबरोबरच त्या काळच्या सुशिक्षित तरुणांत हातोहात फिरणारा एक लेखक त्यांनी मन लावून वाचला. तो म्हणजे जॉर्ज विल्यम मॅकआर्थर रेनॉल्ड्स.

रेनॉल्ड्सचे वाचन आणि पहिली कादंबरी

रेनॉल्ड्स (१८१४–१८७९) हा इंग्लंडमध्ये हप्त्याहप्त्याने स्वस्त अंकांत छापल्या जाणाऱ्या रहस्यकादंबऱ्यांचा लेखक होता. लंडनमधील गुन्हेगारी, सरदारांचे विलास, बंद दरवाजे, चोरवाटा, वेषांतरे आणि हरवलेले वारस हा त्याचा माल. इंग्रजी समीक्षकांनी त्याला फारशी प्रतिष्ठा दिली नाही, परंतु हिंदुस्थानातील अनेक भाषांत त्याची भाषांतरे व रूपांतरे झाली. मराठीत तर त्याच्यावर वाढलेली रहस्यकादंबरीची एक शाखाच दाखवता येते. गोविंद नारायणशास्त्री दातार हे तिचे ठळक प्रतिनिधी होत.

हरिभाऊंनी रेनॉल्ड्सचे अनुकरण दातारांच्या पद्धतीने केले नाही. ‘द मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन’ या कादंबरीच्या वाचनावरून त्यांना ‘मधली स्थिति’ ही पहिली कादंबरी सुचली. ती १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’ या पत्रातून क्रमशः येऊ लागली. तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. लंडनच्या गल्लीबोळांच्या जागी पुण्याच्या पेठा आल्या. जुने धरवत नाही आणि नवे पेलत नाही अशा अवस्थेतील समाज, त्यातील व्यसने, ढोंग आणि घरांची वाताहत हा तिचा विषय ठरला. रेनॉल्ड्सने दाखवलेल्या वाटेवर एक नवी गोष्ट त्यांच्या हाती लागली होती. वाचकाची उत्कंठा जागी ठेवण्यासाठी खुनाची किंवा खजिन्याची गरज नसते, शेजारच्या घरातील झाकलेली गोष्टही पुरेशी असते.

त्याआधीच्या मराठी कादंबरीचे चित्र डोळ्यांपुढे आणले, तर या निवडीचे महत्त्व पटते. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये (१८५७) विधवांची दुःस्थिती आली होती, परंतु तिच्यामागून फारसे कोणी गेले नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांनी वाचकांना अद्भुताची गोडी लावली. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ने (१८७१) ऐतिहासिक कादंबरीचा पाया घातला, तरी त्यावर इमारत उभी राहिलेली नव्हती. सामाजिक वास्तव, अद्भुत आणि इतिहास हे तीन प्रवाह वेगवेगळे वाहत होते. हरिभाऊंनी तिन्ही प्रवाहांत पाऊल टाकले.

करमणूक

ऑक्टोबर १८९० मध्ये हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. ते सुमारे २८ वर्षे चालले. घरातील स्त्रीपुरुष, मुले, सासरी गेलेल्या मुली, नुकत्याच शाळेत जाऊ लागलेल्या मुली अशा सर्वांनी वाचावे असे हे पत्र होते. पुण्यात मुलींची हुजूरपागा शाळा १८८४ मध्ये निघाली होती. अक्षरओळख झालेल्या, पण घरात वाचायला पोथीपलीकडे काही नसलेल्या मुलींचा एक लहानसा वर्ग याच काळात तयार होत होता. गोष्टी, चरित्रे, शास्त्रीय माहिती, विनोद असा मजकूर ‘करमणूक’ देई. त्याचे मुख्य आकर्षण मात्र हरिभाऊंची क्रमशः चालणारी कादंबरी हेच राही.

हप्त्याने लिहिण्याचे काही परिणाम त्यांच्या लेखनावर कायमचे राहिले. प्रकरण संपताना एखादा प्रश्न लोंबकळत ठेवणे, महत्त्वाची व्यक्ती प्रथम नावाशिवाय आणणे, बंद दाराआडचा संवाद अर्धाच ऐकू येणे, हे सारे आठवडाभर वाट पाहणाऱ्या वाचकासाठी होते. त्याची दुसरी बाजूही आहे. विस्तार फार होतो, मधूनच लेखक वाचकाशी बोलू लागतो, उपकथानके फुटतात, आणि काही कादंबऱ्या तर अपूर्णच राहिल्या. एकाच वेळी दोन कादंबऱ्या चालवण्याचा प्रसंगही त्यांच्यावर अनेकदा आला. ‘यशवंतराव खरे’ (१८९२–९५) आणि ‘मी’ (१८९३–९५) यांचा काळ एकमेकांत मिसळलेला आहे, तसाच ‘चंद्रगुप्त’ (१९०२–०४) आणि ‘गड आला पण सिंह गेला’ (१९०३–०४) यांचाही. आनंदाश्रम, नगरपालिका आणि साप्ताहिक सांभाळून हे लेखन झाले, हे लक्षात ठेवून त्यातील पसरटपणाकडे पाहावे लागते.

यमू : माजघरातील साक्षीदार

‘पण लक्षात कोण घेतो?’ (१८९०–९३) ही हरिभाऊंची सर्वांत प्रसिद्ध सामाजिक कादंबरी. ती यमू या मुलीच्या तोंडून सांगितलेली आहे. माहेरचे बालपण, लहान वयातील लग्न, सासरचा जाच, पती रघुनाथ याच्याबरोबर मुंबईत लाभलेले थोडे मोकळे दिवस, त्याचा अकाली मृत्यू, आणि त्यानंतर घरातील वडीलधाऱ्यांनी केलेली विटंबना असा तिचा क्रम आहे. यमूची मैत्रीण दुर्गी हिच्या संसाराची परवड तिला समांतर चालते.

ही कादंबरी सामान्यतः केशवपनाच्या रूढीविरुद्धची कैफियत म्हणून शिकवली जाते आणि ते योग्यच आहे. पण तिच्या रचनेकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. घरातील मोठी माणसे यमूला काहीही सांगत नाहीत. कोणाचे लग्न कुठे ठरते आहे, कोणाचे कोणाशी बिनसले आहे, पैसा कुठे जातो आहे, हे सारे तिच्यापासून लपवलेले असते. ती दाराआडून ऐकते, चेहरे पाहते, अर्धवट वाक्ये जुळवते, चुकीचा तर्क करते आणि पुन्हा दुरुस्त करते. बाहेर सज्जनपणाचा आव आणणारे शंकरमामंजी घरात कसे वागतात, हे वाचकाला लेखक सांगत नाही. ते यमूच्या निरीक्षणातून हळूहळू उघडे पडते. पुढील काळात रहस्यकथेतील शोधक जे करतो तेच काम ही मुलगी करते. फरक एवढाच की तिला सत्य कळल्याने गुन्हेगाराला शिक्षा होत नाही. कळण्याचा अधिकार तिला आहे, कृतीचा नाही. कादंबरीचे शीर्षक जो प्रश्न विचारते तो यातूनच उभा राहतो.

ज्या महिन्यांत हे हप्ते छापले जात होते, त्या काळाचे संदर्भही ध्यानात घ्यावेत. रखमाबाईंचा खटला (१८८४–८८) नुकताच गाजून गेला होता. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर्षांवर आले, आणि त्यावरून पुण्यात टिळक व आगरकर यांच्या पक्षांत कडाक्याचा वाद झाला. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यास आले. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. सभांतून आणि वर्तमानपत्रांतून मुलींच्या वयाबद्दल पुरुष भांडत असताना ‘करमणूक’मध्ये दर आठवड्याला एक मुलगी स्वतः बोलत होती.

पुरुषाने लिहिलेल्या या स्त्रीनिवेदनाला घरगुती मराठीचा जो अस्सल सूर लाभला, त्यामागे हरिभाऊंचे कान होते. काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) आणि त्यांचे पती गोविंद वासुदेव कानिटकर यांच्याशी त्यांचा दीर्घ स्नेह होता. काशीबाई स्वतः लेखिका होत्या. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आणि ‘रंगराव’ ही कादंबरी त्यांच्या नावावर आहे. लग्नानंतर घरच्यांचा विरोध सोसून वाचायला शिकलेल्या या स्त्रीशी झालेल्या वाङ्मयीन चर्चांचा उपयोग हरिभाऊंना झाला असणार, असे अभ्यासक मानतात.

‘मी’ या कादंबरीतील ताई ही यमूची पुढची पायरी. तिच्या वाट्यालाही दुःख येते, परंतु ती शिकते आणि इतरांसाठी काम करू लागते. तिचा भाऊ भावानंद सर्वस्व सोडून देशसेवा करणाऱ्यांचा मठ काढतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाची (१९०५) कल्पना या कादंबरीत दहा वर्षे आधी दिसते, हे साम्य अनेकांनी नोंदवले आहे.

इतिहासातील रहस्ये

हरिभाऊंची ऐतिहासिक कादंबरी ‘म्हैसूरचा वाघ’ (१८९०–९१) हिने सुरू झाली. मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरील इंग्रजी कादंबरीचे ते रूपांतर होते आणि ते अपुरे राहिले. स्वतंत्र यश त्यांना ‘उषःकाल’ने (१८९५–९७) दिले.

‘उषःकाल’ शिवाजी महाराजांच्या आरंभीच्या काळात घडते. महाराज कथेच्या मध्यभागी सतत उभे नसतात. विजापूरच्या बादशहाशी इमान राखणारा किल्लेदार आणि स्वराज्याकडे ओढला गेलेला त्याचा मुलगा नानासाहेब यांच्यातील ताण हा तिचा गाभा आहे. त्याभोवती रानातील मारुतीचे देऊळ, त्याखालचे भुयार, रात्रीच्या गुप्त बैठका, वेष पालटून फिरणारी माणसे आणि निरोप पोचवणारा, पाळत ठेवणारा सावळ्या हा चलाख पोरगा, अशी रहस्यकथेची सारी सामग्री आहे. रेनॉल्ड्सची चोरवाट येथे गडाखालचे भुयार होऊन आली. वाचक पुष्कळ काळ भुयारात कोण जमते हे शोधत राहतो आणि ते कळेपर्यंत स्वराज्याचा विचार त्याच्या मनात रुजलेला असतो. शाळकरी वयातील वाचकांच्या अनेक पिढ्यांनी ‘उषःकाल’ साहसकथा म्हणूनच प्रथम वाचली. त्यात गैर काही नाही.

या कादंबरीचा काळही बोलका आहे. १८९५ मध्ये रायगडावरील समाधीच्या जीर्णोद्धारासाठी टिळकांनी चळवळ सुरू केली आणि १८९६ मध्ये रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला. मूळ कागदपत्रे मात्र अजून दप्तरांत बांधलेली होती. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, न्यायमूर्ती रानड्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ १९०० मध्ये. तोवर सुशिक्षितांपुढे मुख्यतः ग्रँट डफचा १८२६ मधील इतिहास, काही बखरी आणि पोवाडे होते. शिवकालाचे सविस्तर घरगुती चित्र लोकांना इतिहासकारांच्या आधी हरिभाऊंकडून मिळाले. त्याचा लाभ झाला तशी अडचणही झाली.

अडचणीचे ठळक उदाहरण ‘गड आला पण सिंह गेला’ हे आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला आणि त्यात त्यांना वीरमरण आले, हा इतिहास. सती जाण्यास निघालेली कमलकुमारी, तिला बळाने पळवणारा उदयभानू आणि गडावर ओलीस पडलेली ती स्त्री, ही हरिभाऊंची कल्पना. वाचकाला गडाच्या मुक्ततेबरोबर कमलकुमारीच्या सुटकेचीही काळजी लागावी म्हणून ती योजलेली आहे आणि कथा म्हणून ती चोख बसते. परंतु कादंबरीचे नावच पुढे म्हणीसारखे रूढ झाले आणि गडाचे नाव त्या रात्रीनंतर सिंहगड पडले हे सर्वमान्य होऊन बसले. वास्तविक सिंहगड हे नाव १६७० पूर्वीच्या कागदपत्रांतही आढळते. कादंबरीकाराने कल्पना वापरावी यात दोष नाही. पुढच्यांनी कादंबरी दाखला म्हणून वापरली, हा वाचनाचा दोष.

‘रूपनगरची राजकन्या’ (१९००–०२) हिची नायिका औरंगजेबाशी विवाह नाकारून उदयपूरच्या महाराणा राजसिंहाकडे साहाय्य मागणारी तरुण राजकन्या आहे. यमूला जो अधिकार नव्हता तो हिला आहे : ती नाही म्हणते, निरोप पाठवते आणि प्रसंग घडवून आणते. सामाजिक कादंबरीतील मुलगी सोसते आणि ऐतिहासिक कादंबरीतील मुलगी धाडस करते, अशी विभागणी हरिभाऊंच्या साहित्यात वारंवार दिसते. स्वतःच्या काळात जे दाखवणे खोटे वाटले असते, ते त्यांनी जुन्या काळात नेऊन दाखवले. ‘चंद्रगुप्त’मध्ये चाणक्याचे हेर आणि पाटलिपुत्राच्या राजवाड्यातील कारस्थाने आहेत. तिच्यातील मुरादेवीचे चित्रण त्यांच्या स्त्रीपात्रांत वेगळे उठून दिसते, कारण सूडाने पेटलेली आणि नंतर पश्चात्तापाने होरपळलेली अशी स्त्री त्यांनी अन्यत्र फारशी रेखाटली नाही.

‘केवळ स्वराज्यासाठी’ (१८९८–९९), ‘सूर्योदय’ (१९०५–०६), ‘मध्यान्ह’ (१९०६–०८), ‘सूर्यग्रहण’ (१९०८–०९) आणि ‘कालकूट’ (१९०९–११) या इतर ऐतिहासिक कादंबऱ्या. त्यांतील सर्वांचा दर्जा सारखा नाही.

‘वज्राघात’ (१९१३–१५) मात्र स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. १५६५ मध्ये विजयनगरचे साम्राज्य एका लढाईत कोसळले, त्याची ही कथा. रामराजा आणि मेहेरजान यांचे तारुण्यातील प्रेम, त्याचा त्याने केलेला त्याग आणि त्या संबंधातून जन्मलेल्या मुलाला स्वतःच्या पित्याची ओळख नसणे, यावर तिची उभारणी आहे. जन्मरहस्य ही रेनॉल्ड्सच्या पठडीतील सर्वांत झिजलेली युक्ती. येथे ती साम्राज्याच्या विनाशाशी बांधली गेल्यामुळे शोकांतिकेच्या उंचीवर जाते. हिंदू-मुसलमान पात्रांकडे एकाच सहानुभूतीने पाहण्याची दृष्टीही ‘उषःकाल’पेक्षा येथे परिपक्व झालेली आहे. अनेक समीक्षक हीच त्यांची सर्वश्रेष्ठ ऐतिहासिक कादंबरी मानतात.

स्फुट गोष्टी आणि नाटके

‘करमणूक’मधील लहान कथा ‘स्फुट गोष्टी’ या नावाने चार भागांत संगृहीत झाल्या. मराठी लघुकथेचा आरंभ त्यांपासून धरण्याची प्रथा आहे. दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या गरिबांची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही कथा आजही वाचनीय आहे. नाटकांत मोल्येरच्या प्रहसनावरून केलेले ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ आणि ‘संत सखूबाई’ ही नाटके उल्लेखनीय होत. रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘गीतांजली’चाही त्यांनी मराठी अनुवाद केला.

सार्वजनिक आणि खासगी जीवन

हरिभाऊ पुणे नगरपालिकेचे सभासद व पुढे अध्यक्ष होते. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातील अनेक कुटुंबे गाव सोडून गेली, त्या वेळी त्यांनी शहरात राहून रोग्यांच्या साहाय्याचे काम केले. काही काळ ‘ज्ञानप्रकाश’चे संपादनही त्यांच्याकडे होते. राजकारणात ते गोखल्यांच्या नेमस्त पक्षाचे होते, तरी टिळकांविषयी त्यांचा आदर टिकून राहिला. १९१२ मध्ये अकोला येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९१५ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठात मराठी भाषेचा उगम व विकास या विषयावर विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली. गणितापायी ज्यांना पदवी मिळाली नाही, त्यांना विद्यापीठाने व्याख्यानासाठी सन्मानाने बोलावले.

त्यांच्या चरित्रातील एक प्रश्न मात्र समकालीनांनीही विचारला. हरिभाऊंचा पहिला विवाह विद्यार्थिदशेतच झाला होता. प्रथम पत्नीच्या निधनानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला, परंतु तो विधवेशी नव्हता. यमूच्या लेखकाकडून लोकांची अपेक्षा निराळी होती. न्यायमूर्ती रानड्यांवरही असाच आक्षेप आला होता. वडीलधाऱ्यांच्या शब्दापुढे मान तुकवणे हा त्या पिढीतील सुधारकांचा सामायिक अनुभव आहे, आणि एकत्र कुटुंबाच्या आश्रयाने वाढलेल्या हरिभाऊंना त्यातून मोकळे होता आले नाही. एवढ्यामुळे ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीचे मोल उणे होत नाही. उलट, रघुनाथसारखा सुविद्य पतीही घरातील व्यवस्थेपुढे किती हतबल असतो, हे तिच्यात इतक्या बारकाईने का उतरले याचे उत्तर कदाचित येथे सापडेल.

३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पंचावन्नावा वाढदिवस पाच दिवसांवर आला होता.

प्रभाव

ऐतिहासिक कादंबरीत त्यांच्या पाठोपाठ आलेले महत्त्वाचे लेखक म्हणजे नाथमाधव (द्वारकानाथ माधव पितळे, १८८२–१९२८). त्यांची स्वराज्यविषयक कादंबरीमाला ‘उषःकाल’च्या वाटेनेच चालते. बाबूराव पेंटर यांनी ‘गड आला पण सिंह गेला’वरून १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. त्याच नावाचा बोलपट व्ही. शांताराम यांनी १९३३ मध्ये केला. कमलकुमारी यामुळे कादंबरी न वाचलेल्यांपर्यंतही पोचली.

रहस्याची बाजू पुढे इतिहासापासून सुटी झाली. बाबूराव अर्नाळकर (चंद्रकांत सखाराम चव्हाण) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून ती घरोघर नेली. त्यांच्या टोपणनावातील अर्नाळा हे गाव आजच्या पालघर जिल्ह्यात, वसई तालुक्याच्या किनाऱ्यावर आहे. कुमार वाचकांसाठी भा. रा. भागवत यांनी फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे उभा केला. तो पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकलवरून गुन्हेगारांचा माग काढतो आणि ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’मध्ये तर शिवकालीन गडावरच जाऊन पोचतो. त्याची मामेबहीण माली त्याच्या काही साहसांत असते, पण मालिका तिच्या नावाची नाही.

इंग्रजीत ॲना कॅथरिन ग्रीन या अमेरिकन लेखिकेने १९१५ मध्ये, म्हणजे ‘वज्राघात’ पूर्ण होत होती त्याच सुमारास, व्हायोलेट स्ट्रेंज ही तरुण गुप्तहेर मुलगी निर्माण केली. १९३० मध्ये नॅन्सी ड्र्यू आली आणि शाळकरी वयाची मुलगी हीच रहस्यकथेची नायिका होऊ शकते हे जगभर मान्य झाले. मराठीत इतिहास, रहस्य आणि मुलीची शोधक नजर ही तिन्ही सूत्रे हरिभाऊंच्या लेखनात १९०० च्या आसपास वेगवेगळ्या कादंबऱ्यांतून हजर होती. भुयाराचा पत्ता त्यांनी सावळ्याला दिला आणि घरातील गुपितांचा यमूला. यमू भुयारात उतरली असती तर काय दिसले असते, ती कादंबरी त्यांनी लिहिली नाही.